गाडी बुडाली, आता करायची का सोडायची

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. पुण्यात असतो. बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी शिरून त्याची गाडी बुडाली आणि पहिलाच प्रश्न, "दादा, तू तुझी रिपेअर केली होतीस ना, किती खर्च आला?" म्हणलं खर्चाचं मागनं बघू, आधी सांग चावी फिरवलीस का. गप्पच बसला. मग म्हणाला, एकदाच. एकदाच म्हणे!

त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण पावसाळा दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं.

आमची गाडी म्हणजे वॅगन आर, २००८ चं मॉडेल, पांढरी, एमएच-१०. मिरजेतल्या एका डॉक्टरांकडनं २०१३ ला सेकंडहँड घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी अकरा वर्षांची होती आणि इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, कारण "आता जुन्या गाडीला फुल कशाला" हे माझंच वाक्य. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरणार, आपली गाडी बुडली, जळली, चोरीला गेली तरी एक रुपया नाही. हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि गाडी पाण्यात असताना आठवणं वेगळं.

सांगलीत पूर म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. इथं जुलै-ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं?" विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि प्रत्येक घराचा आपला आपला आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाले चाळीसच्या आतच सामान बांधायला लागतात. आमच्या घराचा आकडा होता ५४. म्हणजे २००५ च्या पुरात पातळी ५४ च्या जवळ गेली होती आणि पाणी आमच्या गेटच्या उंबऱ्याला लागून थांबलं होतं. वडिलांनी तिथं ऑइल पेंटनं रेघ मारून तारीख घातलेली. ती रेघ आमच्यासाठी ब्रह्मवाक्य. २००५ पेक्षा जास्त काय येणार!

तर २०१९ ला कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचं पाणी, टीएमसी, क्युसेक यावर अख्खी गल्ली तज्ज्ञ झालेली असताना मी गाडी पार्किंगमधल्या पंपाच्या खोलीसमोरच्या फूटभर उंच रॅम्पवर चढवली, हँडब्रेक ओढला आणि आम्ही सगळे दोन टू-व्हीलरवर बहिणीकडं, सांगलीतच विश्रामबागला गेलो. गाडीच का नाही नेली? बहिणीच्या गल्लीत लावायला जागा नव्हती, रस्त्यात पाणी आलंय असं कुणीतरी सांगितलं, आणि रेघ होतीच की. बायको आजपण हा प्रश्न विचारते आणि आजपण माझं उत्तर तिला पटत नाही. मलापण नाही.

पातळी गेली साडेसत्तावन्न फुटांवर.

हिशेब सोपा आहे. पुलावर साडेतीन-चार फूट जास्त म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये साडेतीन-चार फूट. त्यातला एक फूट रॅम्पचा वजा करा, गाडीला राहिलं अडीच-तीन. विश्रामबागला बहिणीच्या गच्चीत बसून मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करत होतो आणि वॅगन आरचं सीट जमिनीपासून किती उंच असतं ते आठवायचा प्रयत्न करत होतो. गुडघ्याच्या वर. म्हणजे सीट गेलं. डॅशबोर्डचं काय ते कळेना.

नऊ दिवसांनी घरी आलो. घराचं सांगत बसत नाही, ज्यांनी पूर बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही. गाडीचा दरवाजा उघडला तर आतनं तांबूस पाणी भसकन पायावर आलं आणि त्याच्याबरोबर एक लहान पोराची चप्पल, जी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. काचा बंद, दारं बंद, ती आत कशी गेली देव जाणे. सीटवर गाळ इतका गुळगुळीत बसलेला की कुणीतरी थापीनं सारवल्यासारखा. पाण्याची लाईन सीटच्या पाठीवर मधोमध, आणि पुढं डॅशबोर्डच्या खालच्या कडेला लागून. ग्लोव्ह बॉक्समधल्या कागदांचा लगदा. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मात्र कोरडा. घरात सगळ्यांना शुभशकुन वाटला. मेस्त्री आले त्यांनी पण गणपतीकडंच बघितलं पण वेगळंच बोलले, "म्हंजे ईसीएम वाचला असंल." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

मेस्त्री आमचे जुने, मिरज रोडला शेडमध्ये बसतात. त्या दिवसांत त्यांचा फोन लागणं म्हणजे लॉटरी. आल्या आल्या पहिलं विचारलं, "साहेब, सेल्फ मारला न्हाई न्हवं?" मी नाही म्हणलं. दुसरं, बॅटरीची निगेटिव्ह काढली का. ती पण नव्हती काढली, ती त्यांनीच काढली. आणि म्हणाले, आता हिला हात लावू नका, टोचन करून शेडला आणा.

सेल्फ न मारणं ही माझी हुशारी नव्हती बरं का. चावी विश्रामबागला राहिली होती, एवढंच. शेजाऱ्यांकडं त्यांच्या गाडीची चावी होती. त्यांची २०१६ ची डिझेल, आमच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली, फुल इन्शुरन्स. त्यांनी पाणी उतरल्यावर बोनेट पुसून सेल्फ मारला, टक्क असा आवाज आला आणि संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जायला जागाच नसते, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बरं इन्शुरन्सवाले म्हणाले पूर कव्हर आहे, पण आत पाणी असताना सुरू केल्यानं इंजिन गेलं ते तुमच्या चुकीनं, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं ॲड-ऑन लागतं, ते तुम्ही घेतलेलं नाही. बाकीच्या दुरुस्तीचे पैसे मिळाले, त्यात पण प्लास्टिक-रबरचे निम्मे कापून. त्यांच्यासारख्यांना एक दुसरी वाट असते, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात, आयडीव्हीच्या हिशेबानं पैसे देऊन मोकळे. त्यांची मधेच अडकली, ना इकडं ना तिकडं. म्हणून ज्यांचा फुल इन्शुरन्स आहे त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढा, क्लेम टाका, सर्व्हेअर येऊ दे, मग मेस्त्री.

मला क्लेमच नव्हता त्यामुळं निर्णय एकट्याचा. म्हणजे एकट्याचा कसला, घरात चार माणसं आणि चार मतं. बायकोनं वही काढली. तिच्या वहीत तीन आकडे होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट एक लाख अडतीस हजार, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ते वायरिंग साफ करत बसत नाहीत, अख्खं बदलतात. मेस्त्रींचा अंदाज चाळीस, "पण उघडल्यावर खाली-वर हुईल." आणि भंगारवाल्याचे अठरा हजार, रोख, आत्ता, टोचनचा खर्च पण त्याचा. पुराआधी ती गाडी लाख-सव्वालाखाला गेली असती.

वडील म्हणाले विकून टाक, पाण्यातली वस्तू घरात ठेवू नये. सासऱ्यांनी फोनवर सांगितलं अजून थोडे घाल आणि दुसरी सेकंडहँड घे. हे ऐकायला बरोबर वाटतं, मला पण वाटलं, दोन दिवस मी तसल्या गाड्या बघत हिंडलो. आणि तिथंच माझं मत फिरलं. कारण त्या महिन्यात सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जी गाडी विकायला होती ती का विकायला होती? एक ऑल्टो बघितली, आतनं चकाचक, नवीन सीट कव्हर, वास पण अत्तराचा. अत्तराचा वास आला की समजायचं. मेस्त्री माझ्यासोबत आले होते, त्यांनी इंजिन बघितलंच नाही, ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. खालचा हातभर पट्टा तपकिरी आणि त्याच्या वर सरळ रेघ. सीट धुतील, मॅट बदलतील, बेल्टच्या रिळातला पट्टा कोण धुतंय! मग स्टेपनीच्या खालच्या खड्ड्यात बोट फिरवलं, बारीक वाळू. सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेले. एजंट म्हणाला, "थोडं पाणी लागलंय फक्त." किंमत एक लाख साठ.

मग मनात आलं, दुसऱ्याची बुडालेली गाडी दीड लाखाला घेण्यापेक्षा आपली बुडालेली काय वाईट. निदान पाणी कुठवर आलं होतं ते तरी आपल्याला माहीत आहे.

मेस्त्रींनी जे सांगितलं ते मला आजपर्यंत कुठल्या व्हिडिओत पण इतकं नीट ऐकायला मिळालं नाही. म्हणाले, गाडी चालू हुती का न्हाई हे बघू नका, चालू तर मी कुठली बी करून दीन. पाणी कुठवर आलं, किती दिवस राहिलं आणि कसलं होतं ते बघा. फ्लोअरपर्यंत असेल तर डोळे झाकून करा. डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर डोळे झाकून सोडा, कारण तिथं सगळ्या गाडीच्या वायरिंगचा गुंता असतो, आज साफ केला तरी सहा महिन्यांनी एकेक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, हिरवा पडत जातो. खारं पाणी असतं तर मी हातच लावला नसता. आपली मधली केस, आणि गोड पाणी. आणि मग जे म्हणाले त्यानं खरा निकाल लागला, "जुनी हाय म्हणून बरं हाय साहेब. हिच्यात हाय काय बिघडायला?"

खरं होतं. ना एअरबॅग, ना एबीएस, ना टच स्क्रीन, ना दारात मोटरा. सगळे म्हणत होते जुनी आहे म्हणून सोड, आणि हा माणूस म्हणत होता जुनी आहे म्हणून होईल. शेजाऱ्यांच्या गाडीत एअरबॅग होत्या, त्या पाण्यात राहिल्यावर वेळेला उघडतील का आणि नको तेव्हा उघडणार नाहीत ना याची खात्री कुठला मेस्त्री देणार! तसली गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडली असती तर मी अठरा हजार घेऊन मोकळा झालो असतो.

शेडला गेलो तेव्हा बाहेर अशा अकरा गाड्या रांगेत. आमचा नंबर आला चौथ्या दिवशी. चारही प्लग काढले, मग सेल्फ मारला, आणि प्लगच्या भोकांतनं पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या, एक थेट शेडच्या पत्र्यावर. प्लग न काढता मारला असता तर हेच पाणी रॉड वाकवणार होतं. ऑइलची स्टिक काढली तर त्याला दुधाच्या कॉफीसारखा फेस. ऑइल काढलं, स्वस्तातलं भरलं, थोडं चालवलं, परत काढलं, असं तीनदा, तिसऱ्या वेळेला मधासारखं स्वच्छ आलं. गिअर ऑइल तसंच. टाकीतलं पेट्रोल एका पाण्याच्या बाटलीत काढून मेस्त्रींनी उन्हात धरलं आणि मला बोलावलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली चार बोटं पाणी, मधे आरशासारखी रेघ. पाणी जड, खाली बसतं, आणि टाकीतली मोटर खालनंच ओढते. ती बाटली मी बराच वेळ बघत बसलो होतो, कशासाठी माहीत नाही.

सीट, मॅट, मॅटखालचा नमदा सगळं बाहेर. नमदा पिळला तर निघालेल्या पाण्यानं बादली भरली. हे लोक करत नाहीत, वरनं मॅट वाळवतात आणि मग खाली फ्लोअर सडतो, आणि वास आयुष्यभर. नमदा आम्ही टाकूनच दिला, नवीन घातला. सेल्फ आणि अल्टरनेटर उघडून साफ. पुढची बेरिंगं बदलली. ब्रेकमध्ये मी कंजूषपणा केला नाही, पॅड, लायनर, मागचे सिलिंडर, ब्रेक ऑइल सगळं नवीन, ब्रेक ऑइल तसंही पाणी ओढून घेतं. इलेक्ट्रिकवाला दोन दिवस डॅशबोर्डखाली उताणा पडून एकेक कपलर उघडून ब्रश आणि स्प्रे मारत होता, त्याचे पाय तेवढे बाहेर दिसायचे. ईसीएम खरंच लाईनच्या चार बोटं वर होता. गणपती बाप्पा मोरया.

चाळीसचे एकसष्ट हजार चारशे झाले. बायकोनं वहीत लिहिलं आणि वही बंद केली, बोलली काही नाही. ते जास्त लागलं.

आणि पुढची गोष्ट जी लोक सांगत नाहीत. गाडी पहिल्या दिवशी मस्त चालली. मी फोटो पण टाकला होता स्टेटसला. चौथ्या महिन्यात हॉर्न आपोआप वाजायला लागला, रात्री दोनला, गल्ली उठली. मग पेट्रोलचा काटा मेला. मग लॉकडाऊनमध्ये गाडी दोन महिने उभी राहिली आणि सुरूच होईना, इलेक्ट्रिकवाला म्हणाला तसाच एक कपलर हिरवा पडलेला, नखानं खरवडला तर मोरचुदासारखी भुकटी. एकदा इस्लामपूरच्या पुढं पेठ नाक्याच्या अलीकडं भर पावसात बंद पडली, सगळी माणसं आत, आणि त्या अर्ध्या तासात मला भंगारवाल्याचे अठरा हजार फार आठवले. सायलेन्सर आतनं सडून पडला. ब्लोअरची मोटर गेली. हे सगळं धरून तीन वर्षांत अजून सोळा हजार. म्हणून मावसभावाला सांगितलं, मेस्त्री जो आकडा देईल त्यात पहिल्या वर्षाचे दहा-पंधरा हजार मनातच मिळव, आणि सहा महिने लांबच्या प्रवासाला ती गाडी नेऊ नको.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला, पातळी ५५ च्या आसपास. आमच्या पार्किंगमध्ये फूटभर पाणी होतं पण गाडी नव्हती. आता आमच्या घराचा आकडा ३० आहे. आयर्विनला ३० झालं की गाडी विश्रामबागला, मग बहिणीच्या गल्लीत जागा असो नसो, कुणाच्या तरी दारात लावतो आणि शिव्या खातो.

विकली २०२३ च्या जानेवारीत. पंधरा वर्षांचं पासिंग त्याच वर्षी ऑक्टोबरला संपत होतं, पुढं फिटनेस, नवीन आरसी, पर्यावरण कर हे सगळं करायचा मला उत्साह नव्हता. बेचाळीस हजार आले. वहीतला हिशेब असा, एकसष्ट अधिक सोळा, त्यातनं बेचाळीस वजा, आणि सोडून दिलेले भंगारचे अठरा मिळवले तर तीन वर्षं तीन महिन्यांना त्रेपन्न हजार पडले. महिन्याला चौदाशेच्या आत. बायको म्हणाली बरं झालं, पण पेठ नाक्याचा अर्धा तास यात धरलेला नाही.

घेणारा जतच्या बाजूचा शेतकरी होता. २०१९ ला इकडं आम्ही पाण्यात होतो तेव्हा त्यांच्याकडं टँकर चालू होते, एकाच जिल्ह्यात. मी त्याला आधीच सगळं सांगितलं होतं, बिलं पण दाखवली, तरी त्यानं दार उघडलं आणि काही न बोलता ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. त्याला पण कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं. तपकिरी पट्ट्यावरच्या रेघेवर त्यानं अंगठा फिरवला.

"हितपतूर आल्तं व्हय पाणी?"

म्हणलं हो.

तो बेल्ट हातात धरून बघतच राहिला. "लई पाणी," म्हणाला, आणि बेल्ट हळूच आत सोडला.